चिठ्ठीने निघालेली सात माणसं

राज्य नवं झालं तेव्हा रायपुरात मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं. मी तिथे सहायक ग्रेड तीन होते, म्हणजे साध्या भाषेत टायपिस्ट. टायपिस्ट म्हटलं की माझ्या आईला कमीपणा वाटायचा, म्हणून ओळखीपाळखीत ती "पोट्टी मंत्रालयात आहे" एवढंच सांगायची आणि ऐकणाऱ्याला काय समजायचं ते समजू द्यायची. आमच्या खोलीच्या भिंतीवर हिरव्या रंगात "कृपया शांत रहें" असं लिहिलेलं होतं, ते पुसायला कोणाला सवड झाली नव्हती. त्याच्याखाली बसून आम्ही चौघीजणी दिवसभर नव्या राज्याचे आदेश बडवत असू.

पुढे ज्यांना मी बाई म्हणायला लागले, त्या तिथे सलग तीन दिवस आल्या. साठीच्या आसपासच्या, सुती साडी, पायात पुरुषी चपला, खांद्याला कापडी पिशवी. गावांच्या सभांबद्दलचा एक आदेश निघाला होता, त्याची प्रत त्यांना हवी होती आणि साहेब दौऱ्यावर होते. बाकावर बसून त्या आमच्याकडे इतक्या निरखून बघत की माझं टाइप चुकायला लागलं. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला. मी म्हटलं, "मैडम, साहब नहीं हैं बोला ना, काहे को बैठे हो?"

"तू मराठी ना? आत्ताच फोनवर कोणाला तरी झापत होतीस," त्या म्हणाल्या. "मग मराठीत रागाव. हिंदीत तुझा राग कच्चा वाटतो."

मग त्यांनी माझ्या मशीनवरच्या कागदाकडे बोट दाखवून विचारलं, "हे 'जनहित में' तू टाइप केलंस, ते शब्द कोणाचे?"

"साहेबांचे."

"साहेबांनी सांगितलं, की जनहित में असं लिही?"

खरं तर साहेबांनी काहीच सांगितलं नव्हतं. जुन्या फाईलमधून वरच्या तीन ओळी उचलायच्या आणि खाली नवं घालायचं, अशी आमची रीत होती. मी ते सांगितलं, तेव्हा बाई खळखळून हसल्या आणि पिशवीतून वही काढून लिहून घेतलं. माझी चूक पकडली म्हणून नाही. त्यांना खरोखर आनंद झाला होता. साहेबांना भेटायला आलेल्या कितीतरी लोकांना मी त्या बाकावर बसलेलं पाहिलं होतं. माझ्याकडून काही शिकायला मिळालं म्हणून खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

बाई कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त होत आलेल्या होत्या आणि एक मोठं पुस्तक लिहीत होत्या. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ते वाचून टाइप करणारं कोणीतरी हवं होतं. मी दर रविवारी चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या भाड्याच्या घरी जायला लागले. त्या घरात खुर्च्या दोन आणि लोखंडी पेट्या चाळीस. पेट्यांमध्ये कागद: सहकारी सोसायट्यांची इतिवृत्तं, पाण्याच्या पंचायतीच्या वह्या, गावच्या सभेच्या नोटिसा, युनियनच्या भांडणाची पत्रकं. तीस वर्षं त्या बसने, टेम्पोने, बैलगाडीने हिंडून हे गोळा करत होत्या. आल्यागेल्याला पेटीवरच बसावं लागे. एकदा जेवताना त्या सहज बोलून गेल्या, "मी गेले की हे सगळं रद्दीत जाणार. मला बाकी कशाची भीती नाही, याची आहे." दोन खोल्यांत एकटं राहणाऱ्या त्या बाईंना जगात एवढीच एक काळजी होती, आणि ती त्यांनी मीठ मागावं तशी सांगितली.

त्यांचा विषय मला समजायला वर्ष लागलं. लोकशाही मूठभर लोकांच्या हातात जाते, ती जाऊ नये म्हणून काय करायचं, हा तो विषय. मी म्हटलं, "त्यात काय, निवडणुका आहेत ना."

"निवडणुकीत उभं कोण राहतं?"

"ज्याले राहायचं आहे तो."

"ज्याचं नाव लोकांना आधीच माहीत आहे तो. तुझं नाव किती जणांना माहीत आहे?"

मी मोजलं. आमची गल्ली, ऑफिस, मामाकडचे.

"मग तू निवडून येणार नाहीस," बाई म्हणाल्या. "तुझ्यात काही उणं आहे म्हणून नाही. पण तुझ्यासारख्यांना कधी कोणी विचारलंच नाही, तर जे निवडून आलेत त्यांच्यावर नजर कोण ठेवणार? तेच एकमेकांवर ठेवणार?" त्यांचं म्हणणं असं होतं की निवडून आलेल्यांच्या शेजारी दुसरी एक मंडळी हवी, चिठ्ठी टाकून निवडलेली. कधी कुठलं पद न भोगलेली साधी माणसं. त्यांनी राज्य चालवायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचे, आणि फारच अती झालं तर हात वर करून थांबवायचं.

मला आधी हे खूळ वाटलं. चिठ्ठीने कोणी आलंच तर आमच्या ऑफिसातला तो पान खाणारा बाबू येईल, असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "येऊ दे की. त्याला कधी कोणी गंभीरपणे काही विचारलंय का? विचारून बघ, पान थुंकून येईल."

मी खरंच विचारलं. त्या बाबूने पान थुंकून अर्धा तास मला समजावलं की कुठली फाईल कुणाच्या टेबलावर मुद्दाम झोपवतात. ते सगळं बाईंच्या चौथ्या प्रकरणात गेलं.

आमच्या भागात मराठी लोकांचं एक मंडळ होतं, अजूनही आहे. विदर्भातून रेल्वेत नोकरीला आलेल्या लोकांनी वर्गणी काढून जुन्या काळी बांधलेला एक हॉल, पुढे दोन खिडक्यांची एक खोली आणि मागे बिनखिडकीची एक कोठी, जिच्यात मांडवाच्या खुर्च्या आणि गणपतीची आरास ठेवलेली असायची. बाईंनी मंडळाच्या सगळ्या वर्षांची इतिवृत्तं वाचायला मागून घेतली. मंडळवाले खूश झाले. त्यांना वाटलं, मंडळाचा इतिहास लिहिला जाणार. बाईंनी आमच्या घरी येऊन मला ती इतिवृत्तं दाखवली. दरवर्षी कार्यकारिणी "सर्वानुमते" निवडलेली. बाई अध्यक्षाचं नाव बघत नव्हत्या. नाव सुचवणारा कोण आणि त्याला अनुमोदन देणारा कोण, ते बघत होत्या. तीच पाच घरं. एका वर्षी हा सुचवणार आणि तो अनुमोदन देणार, पुढच्या वर्षी उलट.

"हे ठरतं कुठे?" बाईंनी विचारलं.

माझी आई तिथेच बसली होती. ती म्हणाली, "ठरते कुठं म्हंजे? पोह्याच्या रविवारी."

आमच्याकडे ही जुनी पद्धत. वार्षिक सभेच्या आधीच्या रविवारी अध्यक्षांच्या घरी पोहे असतात. पुरुष बाहेरच्या खोलीत, आणि मदतीला बोलावलेल्या आठ-दहा बायका आत. आई दरवर्षी जायची. बाई म्हणाल्या, "मला घेऊन चला." आईला संकोच वाटला, एवढ्या शिकलेल्या बाईला कांदे चिरायला कसं न्यायचं? पण बाई गेल्या. स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी दोन किलो कांदे चिरले, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि कान बाहेर. पहिल्या बशीपासून दुसऱ्या बशीपर्यंत सगळी यादी ठरली. परतताना रिक्षात त्या नाक पुसत म्हणाल्या, "सभा आज झाली गं. पुढच्या आठवड्यात नुसत्या टाळ्या आहेत." तसंच झालं. इतक्या वर्षांत कित्येक अभ्यासकांनी मंडळाला भेट दिली असेल, हार-तुरे घेतले असतील. कांदे चिरत ऐकणारं एकच माणूस मी पाहिलं. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला, जणू माझीच कोणी होती.

तोवर राजधानीचं वारं मंडळालाही लागलं होतं. रस्त्यांची कामं घेणारे एक कंत्राटदार अध्यक्ष झाले होते. नव्याने बदलून आलेले दोन-तीन मोठे अधिकारी "मार्गदर्शक" म्हणून पहिल्या रांगेत बसायचे. अध्यक्ष माणूस वाईट नव्हते. हसतमुख, लग्नाकार्याला धावून येणारे. फक्त आपण सांगू तेच सगळ्यांना हवं असतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आमचं मंत्रालय शहराबाहेर वसवलेल्या नवा रायपुरात हललं त्याच वर्षीची गोष्ट. सकाळी स्टाफ बसने जायचं, रुंद रस्ते आणि माणूस दिसायला नाही, संध्याकाळी त्याच बसने परत. वार्षिक सभेत बाईंनी उठून सूचना मांडली: मंडळात सात जण चिठ्ठीने निवडावेत. कधीही पदावर नसलेले. त्यांनी वर्षभर कार्यकारिणीला प्रश्न विचारावेत, आणि गरज पडली तर वर्षातून एकदाच, गुप्त मतांनी, कार्यकारिणीचा एक ठराव थांबवावा. थांबवलेला ठराव त्या वर्षी पुन्हा आणायचा नाही.

मला वाटलं, हाकलून देतील. पण अध्यक्षांनी आनंदाने टाळी वाजवली. त्यांना तो हळदीकुंकवाचा लकी ड्रॉ वाटला! मंडळात दर संक्रांतीला चिठ्ठ्या टाकून बायकांना बक्षिसं देतात. त्याचाच स्टीलचा डबा आणला, सगळ्या सभासदांच्या नावाच्या चिठ्ठ्या घातल्या, आणि निघालेल्या सातजणांना अध्यक्षांनी वरून एकेक वाटी भेट दिली. फोटो काढले. एका अधिकाऱ्याच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "कित्ती गोड कल्पना!" बाई कोपऱ्यात उभ्या राहून ते बघत होत्या. पाचवी चिठ्ठी माझी निघाली. वाटी अजून घरी आहे, लोणच्याला वापरतो.

सातांत रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर काका होते, खणखणीत आवाजाचे. पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानात चाळीस वर्षं कापड मोजून देणारे एक भाऊ होते. घरोघरी पापड लाटून देणाऱ्या एक काकू होत्या. बाकी तिघे असेच, मागच्या रांगेत बसणारे. लोक आम्हाला "चिठ्ठीवाले" म्हणायला लागले. पहिल्या बैठकीला कोणी तोंडच उघडेना. फिटर काका म्हणाले, "आपण काय विचारावं बाप्पा? ते शिकलेले लोक." आम्ही सगळ्यांनी दाराबाहेर पाहिलं, कारण बाई बाहेर पायरीवर उन्हात पेरू खात बसल्या होत्या. आत येणार नाही असं त्यांनीच ठरवलं होतं. "मी आत आले की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघाल," असं म्हणाल्या होत्या.

शेवटी पापडवाल्या काकूंनी विचारलं, "हॉलची किल्ली अध्यक्षाच्या घरी काहून राहते?" एवढाच प्रश्न. पण तो आम्ही कागदावर लिहून पाठवला आणि उत्तर देता देता कार्यकारिणीची धांदल उडाली. किल्ली हॉलसमोरच्या सायकलवाल्याकडे आली. मग आम्हाला चटक लागली. गणेशोत्सवात गाणी म्हणायला त्याच आठ मुली का? सूचनाफलक आत का, बाहेर का नाही? फिटर काका तर सकाळी फिरायला जातानाही प्रश्न सुचला की माझ्या दारात थांबून ओरडून सांगायचे. आमच्यात काही शहाणपण आलं होतं असं मी म्हणणार नाही. आम्हाला फक्त विचारायची सवय लागली होती, आणि बाईंनी तीस वर्षं जे लिहिलं ते एवढंच होतं.

दिवाळीच्या दोन महिने आधी बाईंच्या घरमालकाने घर पाडून फ्लॅट बांधायचं ठरवलं. राजधानी झाल्यापासून सगळीकडे हेच चाललं होतं. बाईंना एक खोली कुठेही मिळाली असती, पण चाळीस पेट्या कोण ठेवून घेणार? ज्या ज्या संस्थेला त्यांनी विचारलं ती "बघू" म्हणाली. बाई पहिल्यांदा थकलेल्या दिसायला लागल्या. मला म्हणाल्या, "या कागदांना रायपुरातच राहायला हवं गं. इथल्याच माणसांचे आहेत."

आणि एका संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी जाहीर केलं: कार्यकारिणीने सर्वानुमते ठराव केला आहे. मंडळाची पुढची खोली बाईंच्या संशोधनाला कायमची दिली आहे, आणि बाई आजपासून आजीव मार्गदर्शक. काय टाळ्या पडल्या! सगळ्यांत जास्त मी वाजवल्या. बाई उठल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या. आयुष्यभर ज्याची भीती वाटली ती अशी एका मिनिटात गेली होती.

दोन दिवसांनी आमची सातजणांची बैठक होती. विषय काहीच नव्हता. पापडवाल्या काकू म्हणाल्या, "अन् पोट्ट्या कुठं बसतीन मंग?"

पुढच्या खोलीत सकाळी रेल्वेचे पेन्शनर पेपर वाचायचे आणि दुपारी दहा-बारा मुली अभ्यासाला बसायच्या. नव्या राज्यात भरतीच्या परीक्षा सारख्या निघत होत्या, आणि या मुलींच्या घरी पुस्तक उघडून बसायला जागा नव्हती. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. टाळ्या वाजवताना मलाही माहीत होती.

"मागच्या कोठीत बसतीन," पंडरीचे भाऊ म्हणाले.

"त्या कोठीत खिडकी तरी आहे काय? खुर्च्याच्या ढिगावर बसतीन का?"

मी चिडले. "काकू, बाईनंच तं आपल्याले इथं आणून बसवलं. त्याईलेच थांबवायचं?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच तं विचारून राहिली. दुसऱ्या कोणी खोली घेतली असती, तं तू गप्प बसली असती काय?"

आठ दिवसांनी मत घ्यायचं ठरलं. मधल्या शनिवारी मी दुपारी त्या खोलीत गेले. एका मुलीला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ती मराठी घरातलीच, पण हिंदीत म्हणाली, "दीदी, घर में छह लोग हैं, एक कमरा है। मैडम अच्छी हैं। पर हमसे तो किसी ने पूछा नहीं।" तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. सांगून परत पुस्तकात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी नेहमीसारखी बाईंकडे टाइप केलेली पानं घेऊन गेले. बाई जमिनीवर बसून पेन्सिलीने खोलीचा नकाशा काढत होत्या. इथे घडवंची, तिच्यावर पेट्या, खिडकीजवळ टेबल, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी एक बाक. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बोलता बोलता मी म्हटलं, "दुपारी तिथे मुली बसतात."

"हो ना," बाई नकाशावरून नजर न काढता म्हणाल्या. "त्यांचं काहीतरी करतील ते."

"त्यांचं काहीतरी करतील" हे वाक्य मी त्यांच्या पुस्तकात दहा वेळा टाइप केलं होतं. माणूस राज्यकर्ता कधी होतो? खुर्चीवर बसतो तेव्हा नाही. दुसऱ्याबद्दल असं बोलायला लागतो तेव्हा, असं बाईंनीच लिहिलं होतं. मी पानं ठेवून निघाले. वाटेत मला त्यांचा राग आला, मग माझा आला, आणि घरी पोचेपर्यंत नुसतं रडू येत होतं. बाईंवर माझा जीव होता. आईनंतर मला कोणी घडवलं असेल तर त्यांनीच.

मत झालं. गुप्त, बाईंच्याच नियमाने. सात चिठ्ठ्या उघडल्या. थांबवा: चार. थांबवू नका: तीन. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. काकू पदराने डोळे टिपत होत्या, म्हणजे त्यांनी कुठली चिठ्ठी टाकली असेल हेही सांगता येईना.

निकाल सांगायला सभा बोलावली. फिटर काकांनी वाचून दाखवला, कारण आवाज त्यांचाच होता. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. "आपल्याच गुरूले!" असं कोणीतरी माझ्यामागे म्हणालं. बाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

अध्यक्ष उठले. हसत म्हणाले, "अहो, हे चिठ्ठी-बिठ्ठी म्हणजे गंमत होती. बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आत्ता इथेच ठराव करून हे सात जण बरखास्त करू. खोली तुमची ती तुमचीच. काय मंडळी?" आणि टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतल्या अधिकाऱ्यांच्या, मग मागच्याही. लोकांचं बाईंवर खरंच प्रेम होतं. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि तीस वर्षांचं काम त्या खोलीत सुखरूप राहिलं असतं.

बाई उठल्या. टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या.

"खोली मला हवी आहे," त्या म्हणाल्या. "फार हवी आहे. माझ्याकडे दुसरी जागा नाही, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या मुलींना मी विचारलं नाही, हे मला आत्ता, काका वाचत असताना लक्षात आलं. मला लाज वाटते." मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "या सात माणसांनी तुम्हाला थांबवलं असतं तर मी त्यांच्या बाजूने भांडले असते. मला थांबवलं म्हणून त्यांना घरी पाठवू? तसं करायचं तर माझ्या पेट्या मीच रद्दीत देते. ठराव थांबला. इतिवृत्तात चार विरुद्ध तीन असं लिहा. सर्वानुमते लिहू नका."

आणि खाली बसल्या. पिशवी मांडीवर ओढून घेतली. मी खूप भाषणं ऐकलीत, मंत्रालयात तर टाइपही केलीत. स्वतःच्या विरुद्ध, स्वतःच्या नुकसानीचं, इतकं सरळ बोललेलं मी पुन्हा ऐकलं नाही.

रायपुरात जागा मिळालीच नाही. दूर दक्षिणेकडच्या एका विद्यापीठाने पेट्या घ्यायची तयारी दाखवली. पण कुठला कागद कुठला, हे बाईंशिवाय कोणाला कळणार? त्यामुळे बाईंनाही जावं लागलं. दोन महिने आम्ही पेट्या बांधत होतो. अभ्यासाच्या मुली कॉलेज सुटलं की येऊन यादी करायला बसायच्या, पंडरीच्या भावांनी जाड कापडाच्या खोळी शिवून आणल्या. त्या दोन महिन्यांत बाईंनी कोणालाही मताबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. मलाही नाही. पण माझ्याशी त्या थोड्या जपून वागत होत्या, पूर्वीसारखं टाकून बोलत नव्हत्या. मला वाटलं, त्यांनी ओळखलं असणार आणि ते त्यांच्या मनातून जात नसणार. ते मला सहन होत नव्हतं.

पेट्या ट्रकने पुढे गेल्या, आणि बाई गाडीने. स्टेशनवर बरेच जण आले होते. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना मी खिडकीशी गेले आणि माझ्याने राहवलं नाही.

"बाई, त्या चारांत एक चिठ्ठी माझी होती."

"गुप्त होतं ते," त्या एकदम करड्या आवाजात म्हणाल्या. "नियम मोडलास."

"हव. मोडला."

मग त्यांनी खिडकीच्या गजांतून हात काढून माझा हात धरला.

"दोन महिने मी समजत होते, की तू माझ्याकडे बघून खोली मला दिलीस," बाई म्हणाल्या. "खोली गेली त्यापेक्षा मला ते जास्त लागलं होतं."